डावीकडे ओढणारी गाडी

मी माफ करणारी बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. कोविडने माणसं जवळ आली, मनं मोठी झाली असं लोक म्हणतात. आमच्या टूवूंबातही झाली असतील कुणाकुणाची. मी त्या वर्षी एक सूड घेतला, आणि तो आठवला की मला अजून जेवण गोड लागतं.

ज्याच्यावर घेतला तो माझ्या नवऱ्याचा मित्र. दोघं पुण्यात एकाच शाळेत होते. तो आमच्या बऱ्याच आधी ऑस्ट्रेलियात आला. आम्ही टूवूंबात उतरलो तेव्हा भाड्याचं घर त्यानेच शोधून दिलं, पहिले काही दिवस त्याच्या बायकोने डबा पाठवला. उपकार होते, नाही कशाला म्हणू. पण उपकार करणाऱ्याला एक खोड लागते. तुमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द आपलाच, असं त्याला वाटायला लागतं. मी त्याला भाऊजी म्हणायचे, तो मला वहिनी. गाडी हा विषय निघाला की तो बोलायचा आणि आमच्या मराठी ग्रुपमधले बाकीचे पुरुष माना डोलवायचे. खरं तर तो आयटीतला माणूस. लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं, वेळ उरायला लागला, आणि यूट्यूबवर व्हिडिओ बघून बघून तो गाड्यांमधला तज्ज्ञ झाला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं चाकणला एका कारखान्यात गाड्यांच्या सस्पेन्शनचे भाग तपासायचे. रबरी बुश मशीनवर चढवायचे आणि ते फाटेपर्यंत पिळत राहायचे, हे माझं काम होतं. आमच्या ग्रुपमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. लग्नाआधीचं आडनाव माहीत असतं ना, तसं. माहीत असतं, वापरत कुणी नाही.

आमच्याकडे एक सेकंडहँड यूट होती, फोर व्हील ड्राइव्ह. पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. नवऱ्याने ती कॅम्पिंगच्या हौसेने घेतली होती, पण चालवायचे मी. तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, बहुतेक नाइट शिफ्ट, आणि हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. मी शेतीचे पंप विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. आमची गिऱ्हाइकं म्हणजे खालच्या खोऱ्यातले भाजीपाला पिकवणारे शेतकरी. टूवूंबा डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि पूर्वेला गाव संपलं की रस्ता एकदम खाली उतरतो. इथले लोक त्याला रेंज म्हणतात. आम्ही आपापसात घाटच म्हणायचो. मला आठवड्यातून दोन-तीनदा तो घाट उतरून मातीच्या रस्त्यांवर जावं लागायचं.

पहिले निर्बंध जरा सैल झाले आणि भाऊजींनी जाहीर केलं की आमच्या यूटला दोन इंचांची लिफ्ट करायची. म्हणजे पुढची-मागची स्प्रिंगं बदलून गाडी उंच करायची. स्वतःच्या गाडीला त्याने आधीच केली होती. मी म्हटलं, वर्कशॉपमध्ये करून घेऊ. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांसमोर शिवी दिली. "घरचा माणूस असताना बाहेर कशाला? त्याला काय वाटेल?" आमच्या लोकांचं हे ठरलेलं. आपल्या माणसाने केलेलं काम दुसऱ्याकडून तपासून घेणं म्हणजे त्याचा अपमान. परका माणूस चुकला तर आपण भांडतो, आपला चुकला तर पोहे करतो.

त्या शनिवारी मी पोहेच करत होते. दारातून बघितलं तर गाडी जॅकवर, पुढची दोन्ही चाकं काढलेली, आणि भाऊजी डाव्या बाजूच्या खालच्या आर्मचे बोल्ट आवळत होते. आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात. तो सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचा बुश असतो, आणि आर्म वरखाली झाला की ते रबर पीळ खातं आणि परत सुटतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते फाटतं. हे मी शेकड्यांनी फाडून बघितलं होतं.

"भाऊजी, बोल्ट शेवटचे आवळायच्या आधी गाडी खाली घ्या," मी म्हटलं. "वजन चाकांवर येऊ द्या."

"वहिनी, तुम्ही पोह्यांचं बघा. लिंबू आहे ना घरात?" तो गाडीखालून म्हणाला. नवरा हसला.

मी आत गेले. खाताना मी परत विचारलं, तर तो म्हणाला, "घेतली ना खाली. तुम्ही म्हणालात तसंच केलं." नवऱ्यानेही मान हलवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्याला पोहे परत वाढले.

पुढचे काही आठवडे गाडी ठीक होती. मग ती डावीकडे ओढायला लागली. आधी थोडं, कुणी शेजारी बसून स्टिअरिंगला एक बोट लावावं एवढंच. मग जास्त. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायचं तेही मंदावलं. डाव्या पुढच्या टायरची कड झिजायला लागली. मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने मित्राला. मित्राने सांगितलं, इथले रस्ते पाणी जायला डावीकडे उतरते असतात, सगळ्यांच्याच गाड्या ओढतात. हे खरं होतं, म्हणून तर चीड आली. अर्धं खरं बोलणाऱ्याशी भांडणं फार कठीण.

मी पिच्छा सोडला नाही. मग एका रविवारी तो दोरी, टेप घेऊन आला, गाडीखाली गेला, खुडबुड करून बाहेर आला. "सगळं परफेक्ट आहे. काही हलवावं लागलं नाही," म्हणाला. आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, मला ऐकू जाईल अशा बेताने: "हात बघ जरा त्यांचा. एका हाताने धरत असतील."

ऑगस्टमध्ये माझ्या मुलीचं नाक वाहायला लागलं. टेस्ट निगेटिव्ह आली, तरी नाक थांबल्याशिवाय शाळेत पाठवू नका, असा त्या वर्षीचा नियम. नवरा नाइट करून झोपलेला. एका शेतावरचा पंप बंद पडला होता, म्हणून मी तिला मागच्या सीटवर बसवून निघाले. घाटात पुढे एक मोठा ट्रक रखडत उतरत होता. मी वळणाआधी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे गेली. ओढली नाही, गेली. स्टिअरिंग माझ्या दोन्ही हातांत होतं. डावं चाक खडीत उतरलं, आरसा कठड्याला घासला, आणि कठड्यापलीकडे झाडांचे नुसते शेंडे दिसत होते. मी ब्रेक सोडला, गाडी परत रस्त्यावर आली. मागून मुलगी म्हणाली, "मम, व्हाय आर वी गोइंग देअर?" भीतीने नाही, नुसतं विचारलं. मी तिला सांगितलं, काही नाही. खाली उतरून पहिल्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

त्या वर्षीचा गणपती सगळ्यांनी आपापल्या घरी बसवला आणि आरती झूमवर केली. प्रत्येक घर एका चौकोनात, टाळ्या मागेपुढे. आरती झाल्यावर कुणीतरी विचारलं, गाडीच्या आरशाला काय झालं म्हणे? नवऱ्याने सांगितलं. मी म्हटलं, गाडी ब्रेकवर ओढते, समोरचं काहीतरी गेलंय. भाऊजींनी आपला माइक चालू केला.

"वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं."

सगळे चौकोन हसले. माझ्या शेजारी बसलेला माझा नवराही हसला. मुलगी माझ्या मांडीवर होती. तिला म्हण कळली नाही, पण सगळे हसले म्हणून तीही हसली. मी त्या क्षणी ठरवलं. नीट, शांतपणे, मोदकाचं ताट हातात धरून ठरवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गाडीची किल्ली आपल्या बॅगेत टाकली. "तुझ्यासाठीच म्हणतोय. घाट नको. ऑफिसमधलं काही काम देतात का बघ." माझ्या बॉसकडे ऑफिसमधलं काम नव्हतं. मी त्याला सांगितलं की गाडीत दोष आहे, तो सापडेपर्यंत मी बरोबरच्या माणसाच्या गाडीतून टूवूंबाच्या आसपासचे पंप बघते. तो सरळ माणूस. म्हणाला, "ऑक्टोबरपर्यंत चालेल, मेट. त्यानंतर खोरं तुला जमतंय की नाही ते मला कळायला हवं. नाहीतर मी दुसरा माणूस घेतो." म्हणजे गाडी सरळ चालली नाही तर माझी नोकरी जाणार, आणि आमच्या ग्रुपमध्ये कायमची खूण राहणार, की हिला गाडी झेपली नाही.

सूड घ्यायचा तर आधी खरं काय ते कळायला हवं. रागात उत्तर आधीच ठरवून टाकायचा मोह होतो. चाकणला आमचे साहेब सांगायचे, गुन्हेगार शेवटी पकडा, आधी निर्दोष सोडा. नवरा नाइट करून आला की दुपारपर्यंत झोपायचा. मी त्याच्या बॅगेतून किल्ली काढायचे. घरासमोरच्या खेळाच्या मैदानाला क्लबचा मोठा पार्किंग लॉट होता, आणि सामने बंद असल्यामुळे तो ओस पडलेला. आधी मी अंगण वाकडं आहे का ते बघितलं. मुलीचा बॉल घेऊन गेले आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला. मधल्या लांब पट्ट्यात तो जागचा हलला नाही. त्या पट्ट्यात गाडी हळू नेली आणि स्टिअरिंगवरचे हात अलगद उचलले. डावीकडे. वळवून उलट दिशेने आणली. पुन्हा डावीकडेच. उताराचा दोष असता तर परत येताना उजवीकडे गेली असती. रस्ता निर्दोष सुटला.

मग टायर. कधीकधी टायरच्या आतच दोष असतो आणि तो गाडीला आपल्या बाजूला खेचतो. मी पुढची दोन्ही चाकं काढून अदलाबदल केली. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता. त्याने विचारलं, "ऑल गुड, लव्ह?" मी म्हटलं, ऑल गुड. चाकं बदलूनही गाडी डावीकडेच गेली. मग ब्रेक. एखादा ब्रेक चिकटून राहिला तरी गाडी त्या बाजूला ओढते, आणि मग ते चाक तापतं. गावात फिरवून आणली आणि दोन्ही चाकांना हात लावून बघितला. सारखीच कोमट. तोही सुटला.

आता उरलं ते सस्पेन्शन. सपाट जमिनीवर गाडी उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं. डावी बाजू बोटभर उंच. नवी स्प्रिंगं दोन्हीकडे सारखी, मग एकच बाजू उंच का राहावी? गवंडी भिंतीला लावतात तसा ओळंबा मी चाकांना लावला. उजवं चाक जवळजवळ सरळ, डाव्याचा माथा बाहेर झुकलेला. दोरी लावली तर डावं चाक मागेही सरकलेलं. लिफ्ट केली की चाकांचे कोन थोडे बिघडतात, पण दोन्हीकडे सारखे बिघडतात. एकाच बाजूचे बिघडले याचा अर्थ त्या बाजूला कुणीतरी काहीतरी केलंय.

मी चटई घेऊन गाडीखाली गेले. उजवा बुश बघितला: धड. डाव्याच्या फटीत पहार घालून दाबली, आणि आर्म मागे सरकला. रबर लोखंडापासून सुटून आलं होतं, कडेला फाटलं होतं, आणि जे उरलं होतं ते पिळलेलं. तशी फाट मी चाकणला रोज बघायचे. ब्रेक दाबला की फाटक्या रबरामुळे डावं चाक मागे जाणार आणि गाडी डावीकडे उडी मारणार. घाटात तेच झालं होतं.

पण गाडी खाली घेऊनच बोल्ट आवळले, असं तो म्हणाला होता. मी आत गेले. नवरा उठून चहा पीत होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी गाडी जॅकवरून कधी उतरवली रे?"

तो आठवून म्हणाला, "तू सांगून गेलीस ना, मग त्याने फोनवर काहीतरी बघितलं आणि उजवी बाजू खाली घेऊन आवळली."

"आणि डावी?"

"डावी आधीच झाली होती ना. परत सोडायला कंटाळा आला असेल. म्हणाला, चालतं."

म्हणजे माझं ऐकलं होतं. माझं ऐकून उजवी बाजू बरोबर केली होती, आणि डावी तशीच ठेवून माझ्या हातचे पोहे खाल्ले होते. मी परत गाडीखाली गेले, कारण मला अजून एक शंका होती. आर्मच्या बोल्टला एक गोल चकती असते. ती फिरवली की चाकाचा कोन बदलतो. कारखान्यात तिच्यावर पांढऱ्या रंगाची खूण करतात. उजवीकडे ती खूण जागेवर होती. डावीकडे ती पार दुसऱ्या टोकाला, आणि नटावर पान्ह्याचे ताजे, चमकते ओरखडे. ज्या रविवारी "काही हलवावं लागलं नाही" म्हणाला, त्या रविवारी त्याने ती शेवटापर्यंत फिरवली होती. म्हणजे गाडी ओढते हे त्याला दिसलं होतं. कोन वाकवून ते झाकायचा प्रयत्न केला, झाकलं गेलं नाही, मग दोष माझ्या हाताचा. घाटात मी मुलीला घेऊन उतरले तेव्हा ते त्याला माहीत होतं, आणि झूमवर ती म्हण टाकली तेव्हाही माहीत होतं.

मला रडू आलं नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. एवढा चोख पुरावा चाकणला पण क्वचित मिळायचा.

मी कुणाला काही बोलले नाही. नवे बुश मागवले. ते परदेशातून यायचे आणि त्या काळात सगळंच रखडत होतं, त्यामुळे गाडी तशीच ठेवायला मला सबबही मिळाली. आणि मी दसऱ्याची वाट बघितली.

दसऱ्याला आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या गाड्यांची एकत्र पूजा होते. तेव्हा आमच्या क्वीन्सलँड राज्यात परवानगी होती तेवढी माणसं जमवून मी ती आमच्याकडे ठेवली, आणि गाड्या समोरच्या लॉटमध्ये ओळीने लावल्या. परसातल्या झेंडूचे हार. शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगणात कांचनाचं झाड होतं, त्याची पानं आम्ही आपट्याची म्हणून वापरायचो. सॅनिटायझरची बाटली हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी. शस्त्रं म्हणून प्रत्येकाने काही ना काही पूजेला ठेवलं होतं, लॅपटॉप, कात्री, भाऊजींचा बोल्ट मोजून आवळायचा नवा टॉर्क रेंच. मी दोरी, टेप, ओळंबा आणि पहार ठेवली.

"वहिनी, एवढी शस्त्रं?" भाऊजी म्हणाले.

"शमीवरून आजच उतरवली," मी म्हटलं. तो हसला. हार झाले, नारळ फुटला, लिंबं चिरडली. मग मी म्हटलं, "भाऊजी, माझा हात कुठे चुकतो ते मला कळत नाही. तुम्ही एकदा चालवून दाखवा ना सगळ्यांना. या पट्ट्यातून न्या, आणि मधे हात सोडा."

शिकवायचं म्हटल्यावर तो नाही म्हणणार नव्हता. बसला. हात सोडले. यूट झेंडूच्या हारासकट डावीकडे निघाली.

"जागेलाच उतार आहे," तो खिडकीतून म्हणाला.

"असेल. मग उलट दिशेने आणा, म्हणजे उजवीकडे जाईल."

ती डावीकडेच गेली. टायर असेल, म्हणाला. मी म्हटलं, मी चाकं बदलून बघितलीत. ब्रेक चिकटत असेल, म्हणाला. मी म्हटलं, खाली उतरा आणि हात लावून बघा. तो उतरला नाही. मग मी त्याला जरा वेग घेऊन ब्रेक मारायला सांगितलं. त्याने मारला. गाडी झटक्याने आडवी झाली, हार तुटून खाली पडला, आणि मागे कुणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही.

तो उतरल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. डावा बुश चाक लोंबकळत असताना आवळला, उजवा नाही. तो का फाटला. पांढरी खूण कुठे होती आणि कुठे गेली. मी आवाज चढवला नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याने तो शनिवार मनात परत चालवून बघितला असणार, कारण त्याचा चेहरा उतरला.

आणि तरी भाऊजी सुटलाच असता. त्याने हात जोडले, मोठ्याने हसला. "मान गये वहिनी, छुप्या रुस्तम निघालात. नो वरीज, पुढच्या वीकेंडला मीच नवा बुश टाकून देतो. चला, श्रीखंड वाट बघतंय." सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. सणाच्या दिवशी कटकट कुणाला हवी असते. माणसं घराकडे वळायलाही लागली. एवढे आठवडे राखलेला माझा राग एका विनोदात मावला असता.

मी किल्ली पुढे केली.

"भाऊजी, एवढं किरकोळ असेल तर एक करा. तुमच्या मुलीला शेजारी बसवा आणि घाट उतरून या. जेवायला आम्ही थांबतो."

त्याची मुलगी माझ्या मुलीएवढीच. ती आपलं नाव ऐकून पुढे आली. "आर वी गोइंग फॉर अ ड्राइव्ह?" तिने विचारलं. तिच्या आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला मागे घेतलं. किल्ली माझ्या तळहातावर. तो तिच्याकडे बघत राहिला. वळलेली माणसं परत थांबली.

"आज कशाला, सणाचं," तो म्हणाला.

"माझी बसली होती," मी म्हटलं.

त्याच्या बायकोने हळू आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, थोडी ओढत होती, पण... आणि तिथेच थांबला. मी किल्ली खिशात टाकली. ताटातलं कांचनाचं एक पान उचलून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "सोनं घ्या, भाऊजी." ते त्याला दोन्ही हातांनी घ्यावं लागलं.

नवे बुश आले. ते मी बसवले, दोन्ही बाजूंना, गाडी जमिनीवर उभी करून. मग ती सरळ वर्कशॉपला नेली आणि चाकांचे कोन त्यांच्या मशीनवर लावून घेतले. कुणाला काय वाटेल याचा विचार केला नाही. ऑक्टोबर संपायच्या आत मी बॉसला खोऱ्यातून फोन केला. तो फाटका बुश मी धुतला, पुसला आणि दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवला. भाऊजी अजून वर्षातून दोन-तीनदा येतात, आणि मी त्यांचा चहाचा कप नेहमी त्याच्याच शेजारी ठेवते. इतकी वर्षं झाली, आता उचल ते, असं नवरा एकदा म्हणाला. मी उचललेलं नाही.

पण दसऱ्याच्या संध्याकाळचं राहिलं. सगळे गेल्यावर आम्ही दोघं लॉटमधली झेंडूची फुलं झाडून गोळा करत होतो. नवऱ्याने तुटलेला हार उचलला. मग म्हणाला, "मी हसायला नको होतं." मी फुलं पिशवीत भरत राहिले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पण त्याने किल्ली घेतली असती तर? खरंच मुलीला घेऊन निघाला असता तर?"

"तिला मी उतरवून घेतलं असतं," मी म्हटलं.

"वाटलंच मला," तो म्हणाला.

"आणि तिच्या जागी तुला बसवलं असतं."

तो हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.